पायाखालची जमीन, डोक्यावरचे गोटे : विदर्भातून वारंवार येणारे प्रश्न

४ डिसेंबर २०२४च्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगूजवळ जमीन हलली आणि इकडे गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत लोक घराबाहेर आले. मी ओसरीवर चहा पीत होतो. आधी वाटलं, बाजेखाली कुत्रं शिरलं. मग फोन वाजायला लागला, तो अजून थांबलेला नाही. तालुक्याच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, एवढ्या भांडवलावर लोक मला काहीही विचारतात: विहिरीतल्या दगडापासून मंगळापर्यंत. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. काही प्रश्न आले तसेच, वऱ्हाडीत ठेवले आहेत. एका उत्तरात जे आलं ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विदर्भात भूकंप येत नाही असं शाळेत शिकलो होतो. मग जमीन हलली कशी?

शाळेत "कमी येतो" असं शिकवलं असेल, लक्षात "येत नाही" असं राहिलं. गेली अनेक वर्षं वापरात असलेल्या नकाशात देशाचे दोन ते पाच असे चार भूकंप विभाग आहेत आणि विदर्भाचा बराचसा भाग विभाग दोनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या गटात येतो.

पण त्या नकाशालाही इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात किल्लारी विभाग एकमध्ये होतं, म्हणजे "इथे काही होत नाही" अशा रकान्यात. पुढे २००२च्या सुधारणेत विभाग एक रद्दच केला.

आपल्या उत्तरेला सातपुड्याच्या बाजूने नर्मदा-सोन पट्टा जातो. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला तो याच पट्ट्यात. १९३८ चा सातपुडा भूकंपही तिथलाच. दक्षिणेला गोदावरीचं जुनं खचलेलं खोरं आहे. १९६९ चा भद्राचलमचा आणि २०२४ चा मुलुगूचा भूकंप त्या खोऱ्यातले. आपण या दोघांच्या मधात राहतो.

२. भूकंप तेलंगणात झाला तर नागपूरले काहून जाणवला? मधात तर तीनशे किलोमीटर हाय.

लहानपणी रेल्वेच्या रुळाला कान लावून दूरची गाडी ऐकली असेल, तसंच हे. पूर्व विदर्भाखालचा खडक फार जुना, कठीण आणि अखंड आहे. गोंदिया-भंडारा-गडचिरोलीकडचे ग्रॅनाइट आणि नाइस जातीचे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. अशा खडकात लाटा लवकर विरत नाहीत. हिमालयासारख्या चुरडलेल्या भागात त्याच ताकदीची लाट वाटेतच दमते.

दुसरं कारण खोलीचं. मुलुगूचा भूकंप जमिनीखाली सुमारे ४० किलोमीटरवर झाला. खोलवरचा धक्का माथ्यावर कमी तडाखा देतो, पण दूरवर पसरतो. किल्लारी अगदी उथळ होता, म्हणून त्या पंचक्रोशीत हाहाकार झाला.

३. रिश्टरवर ४ आणि ५ मध्ये एकाचाच फरक ना?

नाही. एक अंक वाढला की जमिनीच्या हलण्याचा पल्ला दहा पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोन अंक वाढले तर ऊर्जा हजार पट. शिवाय मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञ आता रिश्टरचं माप वापरत नाहीत, "आघूर्ण तीव्रता" वापरतात. बातम्यांत जुनं नाव चालू आहे इतकंच.

आणि तीव्रता म्हणजे तुमच्या घराला बसलेला हादरा नव्हे. बल्ब एकच असला तरी उजेड जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी मिळतो.

४. आमच्या गावात रात्री जमिनीतून गुडगुड आवाज येते. भिंतीवरची भांडी वाजतात. सरकारी यंत्रावर काहीच दिसत नाही म्हणते. आम्ही का बह्याड हाव?

नाही, तुम्ही बरोबर ऐकता. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं. २०२४ मध्ये मार्चला आणि जुलैला हिंगोली परिसरात साडेचारच्या आसपासचे धक्के नोंदले गेले, ते वाशीमपर्यंत जाणवले. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या सादराबाडीने २०१८ मध्ये असेच दिवस काढले.

आवाज कुठून येतो? भूकंपाची पहिली लाट ही दाबाची लाट असते, हवेतल्या आवाजासारखीच. धक्का अगदी उथळ आणि लहान असेल तर त्या लाटेत झपाट्याची कंपनं जास्त असतात. ती जमिनीतून हवेत उतरली की कानाला ऐकू येतात. काळ्या पाषाणासारखा कठीण खडक असला तर आवाज अजून स्पष्ट. दीड-दोन तीव्रतेचा धक्का तुमच्या पायाखाली झाला तर तुम्हाला नक्की कळतो, पण शंभर किलोमीटरवरच्या यंत्रापर्यंत त्याची लाट पोहोचेपर्यंत ट्रक आणि वाऱ्याच्या गडबडीत हरवते. म्हणून अशा गावांत तात्पुरती यंत्रं नेऊन बसवावी लागतात. यंत्र गावात आलं की नोंदी सुरू होतात.

अशा लहान धक्क्यांच्या मालिकेला संशोधक भूकंपांचा थवा म्हणतात. २०१८च्या नोव्हेंबरपासून पालघरकडे मोठा थवा चालू झाला आणि त्याच्यावर बराच अभ्यास झाला. एक मत असं की पावसाचं पाणी बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, फटींतून खोल उतरतं, तिथला दाब वाढवतं आणि आधीच ताणलेली भेग किंचित सरकते. या मताप्रमाणे पावसाळ्याच्या शेवटाला आणि नंतर असे धक्के वाढायला हवेत. तुमच्या गावातले आवाज कोणत्या महिन्यात येतात, हे म्हणूनच महत्त्वाचं आहे (प्रश्न २० पाहा).

थवा आला म्हणजे मागून मोठा भूकंप येणारच असं नाही. बहुतेक थवे काही महिने किंवा वर्षं कुरकुरून थांबतात. पण भिंत आधीच फुगलेली असेल तर लहान धक्काही ती पाडतो.

५. आमच्याकडे कोळसा खाण हाय. धक्का खाणीच्या बारूदचा का भूकंपाचा, कसं ओळखाव?

घड्याळ पाहा. सुरुंग ठरावीक पाळीत, बहुधा दुपारी उडतात. भूकंपाला वेळापत्रक नसतं. मध्यरात्री दोन वाजता हादरलं तर संशय भूकंपावर. यंत्राच्या आलेखावर फरक अजून साफ दिसतो: स्फोटात खडक सगळ्या बाजूंनी बाहेर ढकलला जातो, म्हणून चारही दिशांच्या यंत्रांवर पहिली हालचाल "बाहेर" अशीच येते. भूकंपात भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासतात. काही यंत्रांना ढकल दिसते, काहींना ओढ. २०२४च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात अडीच-पावणेतीनचे धक्के लागोपाठ आले तेव्हा हाच वाद झाला होता.

खाणपट्ट्यात तिसरी शक्यताही असते, ती म्हणजे खचणं. जुन्या भूमिगत खाणीचं छत बसलं की वरची जमीन एकदम खाली जाते. २०२२च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर असं जमिनीत गेलं. अंगणात गोल खड्डा पडत असेल, हापशाचं पाणी अचानक गायब झालं असेल, भिंतीचे तडे एकाच बाजूला झुकत असतील, तर भूकंपाची वाट पाहू नका, तहसीलला लेखी कळवा आणि पोच घ्या.

६. उन्हाळ्यात वावरात हातभर रुंद भेग पडली. खाली लाव्हा असन का?

खाली मुरूम असेल. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार आहे. तो पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. पहिल्या दोन दमदार पावसांत भेग बुजली तर विषय संपला. बुजली नाही, उलट सरळ रेषेत लांबत गेली आणि एक बाजू खाली बसली, तर मात्र प्रश्न ५ चा दुसरा परिच्छेद वाचा.

कुठे जमिनीतून "लाव्हा निघाला" असा व्हिडिओ आला तर आधी वर पाहा, विजेची तार तुटली आहे का. चालू तार मातीवर पडली की माती वितळून काचेसारखी होते आणि धूरही निघतो. जवळ जाऊ नका; लाव्हा नसला तरी करंट खरा असतो.

७. गावोगावी हजार-हजार फूट बोअर मारले. त्याच्यानं भूकंप येतात का?

हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. भूकंप होतात पाच, दहा, चाळीस किलोमीटर खाली. बोअर म्हणजे हत्तीच्या पाठीवर टाचणी. पाणी आटतं, त्याची काळजी करा.

धरणाचं वेगळं आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ चा भूकंप जलाशयामुळे उद्युक्त झालेल्या भूकंपांचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण आहे. पाण्याचं वजन आणि खोल मुरणारं पाणी, दोन्ही मिळून आधीच सुटण्याच्या बेतात असलेल्या भेगेला धक्का देतात. भेग तशी ताणलेली नसेल तर धरण भरलं तरी काही होत नाही, म्हणून प्रत्येक धरणाला हा आरोप लागू पडत नाही. हे नीट समजावं म्हणून कोयना भागात ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. ते काम २०१७ मध्ये पूर्ण झालं. पहिले सव्वा किलोमीटर काळा पाषाण लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट. किल्लारीला पाषाण सुमारे ३४० मीटरच जाड निघाला होता. नागपूरपर्यंत येता येता तो संपतोच: सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, आणि शहराच्या पूर्वेला जुना नाइस.

८. भूकंप कधी येणार हे आधी सांगता येते का? व्हॉट्सॲपवर तारीख आली हाय.

नाही. तारीख, जागा आणि तीव्रता तिन्ही सांगणारी, पुन्हा पुन्हा खरी ठरलेली पद्धत जगात कुणाकडे नाही. तारीख आली असेल तर निरोप पुसून टाका.

चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हाइचेंगचा भूकंप येण्याआधी लोकांना घराबाहेर काढलं होतं आणि पुष्कळ जीव वाचले. आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती, म्हणून ते जमलं. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशानला कसलीही सूचना नव्हती आणि लाखो माणसं गेली. तुर्कीच्या ६ फेब्रुवारी २०२३च्या ७.८ च्या भूकंपाआधी तीन दिवस एकाने ग्रहांच्या स्थितीवरून ट्वीट केलं होतं. त्यात "आज ना उद्या" असा शब्दप्रयोग होता. भूकंपप्रवण भागात "आज ना उद्या" म्हणायला ग्रह कशाला लागतात?

खरं संशोधनही याच भिंतीवर डोकं आपटतं. २०२३ मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी जगभरच्या मोठ्या भूकंपांच्या जीपीएस नोंदी एकत्र केल्या आणि सांगितलं, की धक्क्याआधी दोन तास भेग हळूच सरकू लागते. मोठी खळबळ झाली. मग इतरांनी तोच डेटा घेऊन दाखवलं, की जीपीएसच्या यंत्रणेत सगळ्या ठिकाणी सारखा असलेला गोंगाट काढून टाकला तर ते सरकणं उरत नाही. मला हा प्रसंग फार आवडतो. कुणी कुणाला खोटं पाडलं म्हणून नव्हे. डेटा उघडा होता म्हणून आठवड्यांत तपासणी झाली.

९. मग मोबाइलवर भूकंपाचा अलर्ट येतो म्हणतात, तो काय?

ते भाकीत नव्हे. झालेल्या भूकंपाची धावती खबर आहे. पहिली लाट सेकंदाला सहा-एक किलोमीटर वेगाने येते आणि फारसं नुकसान करत नाही. दुसरी, नुकसान करणारी, साडेतीन-चार किलोमीटरने. रेडिओ संदेश दोघींपेक्षा कितीतरी वेगवान. अँड्रॉइड फोनमधलं हालचाल ओळखणारं यंत्र भूकंपमापकासारखं वापरून असे इशारे देण्याची सोय भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. फोन टेबलावर स्थिर पडलेला असला पाहिजे, आणि एकाच भागातले पुष्कळ फोन एकदम थरथरले पाहिजेत.

मुलुगूचाच ढोबळ हिशेब घ्या. नुकसान करणारी लाट सिरोंच्याला पंधरा-वीस सेकंदांत पोहोचते, चंद्रपूरला पन्नासेक सेकंदांत, नागपूरला दीड मिनिटाच्या आत-बाहेर. म्हणजे जिथे धोका जास्त तिथे वेळ कमी. आणि सिरोंच्याकडच्या गावांत नेटवर्कसाठी झाडावर चढावं लागतं, हे मी वेगळं सांगायला नको.

१०. आमचं घर माती-दगडाचं, वर कवेलू. काय करावं?

किल्लारीत भूकंपापेक्षा भिंतींनी जास्त माणसं मारली. दोन-दोन फूट जाड, मातीत रचलेले गोल गोटे, वर मातीचं जड माळवद. धक्का बसला की अशी भिंत आतून-बाहेरून दोन पदर होऊन सुटते. तुमच्या डोक्यावर कवेलू आहेत, माळवद नाही, हे तुमचं नशीब. जुनी कुडाची घरं तर आणखी चांगली. ती हलतात, वाकतात, पण एकदम बसत नाहीत. पक्कं म्हणजे सुरक्षित असं समजून कुड पाडून त्यावर बिनपट्टीच्या विटांच्या भिंती आणि जड स्लॅब टाकला जातो, तो सौदा वाईट.

नवीन बांधत असाल तर दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना गुंफणारी सळईची काँक्रीट पट्टी एकसंध फिरवा. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड बसवा. खिडकी कोपऱ्याला चिकटवू नका. मिस्त्री म्हणेल, "आपल्याकडे लागत नाही." त्याला प्रश्न १ वाचून दाखवा.

धक्का बसताना दार दोन पावलांवर असेल तर बाहेर मोकळ्यात या. नसेल तर मजबूत पलंग किंवा टेबलाखाली शिरा, डोकं झाका. गोठ्याकडे धावू नका. ढोरं आपली आपण ओढ देतात.

११. आपल्याखाली ज्वालामुखी आहे का? पुन्हा फुटेल का?

होता. आता नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, त्याचा हा काळा पाषाण झाला. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्या काळी भारत ज्या तप्त जागेवरून सरकत होता ती जागा हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून फुटतो. आपण हजारो किलोमीटर पुढे निघून आलो. भारतात आज जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणीकडे शिबला परिसरात षट्कोनी खांबांसारखे दगड आहेत, ते या लाव्ह्याचेच. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडतात. राजवाडा कुणी बांधला नव्हता.

१२. मग सालबर्डीचं, उनकेश्वरचं पाणी गरम कसं?

ज्वालामुखीशिवायही पाणी तापतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश वाढतं. पावसाचं पाणी एखाद्या खोल भेगेतून खाली गेलं आणि थंड व्हायला सवड न मिळता दुसऱ्या वाटेने वर आलं, की झरा गरम. मोर्शीजवळचं सालबर्डी सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगाळ पट्ट्यात आहे, हा योगायोग नाही.

१३. डायनासोर आपल्या लाव्ह्यानं मेले का मेक्सिकोच्या उल्केनं?

या वादात विदर्भाची माती साक्षीदार आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांच्या गटाने जगभरच्या एका पातळ मातीच्या थरात इरिडियम सापडल्याचं मांडलं. ते उल्कापाषाणांत जास्त असतं. पुढे मेक्सिकोत चिक्शुलूबचं विवर ओळखलं गेलं. पण त्याच सुमाराला आपल्याकडचा लाव्हाही वाहत होता आणि हवेत गंधक आणि कार्बन सोडत होता. मग आधी काय आणि नंतर काय?

२०१९ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी लाव्ह्याची वयं छापली. एका गटाने लाव्ह्याच्या दोन थरांमधला लाल थर तपासला. विहीर खोदणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे: पाषाण फोडता फोडता मध्येच गेरूसारखी लाल माती लागते. ती त्या काळची माती. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत तयार झालेली. तिच्यात झिरकॉन या खनिजाचे बारीक कण असतात आणि त्यांच्यातल्या युरेनियमवरून वय काढता येतं. या गटाचं म्हणणं: उद्रेक चार झटक्यांत झाले आणि त्यातला एक मोठा झटका उल्केच्या हजारो वर्षं आधी सुरू झाला. दुसऱ्या गटाने दगडातल्या आर्गॉन वायूवरून वय काढलं आणि सांगितलं, बराचसा लाव्हा उल्केनंतर वाहिला. बहुतेकांचा कल आज उल्केकडे आहे. लाव्ह्याने जीवसृष्टी आधीच किती मेटाकुटीला आणली होती, यावर भांडण चालू आहे.

मरायच्या आधी ते इथे खात काय होते, हेही आपल्याच मातीने सांगितलं. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. २००५ मध्ये त्यांत गवताच्या पेशींतले वाळूसारखे कण सापडले. तोवर समज असा होता, की डायनासोर असताना गवत नव्हतंच. २०११ मध्ये त्याच संशोधनातून भाताच्या कुळातल्या गवताचीही खूण मिळाली. धानाच्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर, धान लावणारा माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधी!

१४. विहिरीत पांढरे चकाकणारे खडे निघाले. हिरे तर नाहीत?

नाहीत. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे पाण्याने आणून बसवलेले झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी आहे. सुंदर असेल तर शोकेसमध्ये ठेवा.

दगडात शंख-शिंपले किंवा पानांचे ठसे दिसले तर मात्र फोडू नका. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तळी साचली होती, त्यांतले ते जीव. नागपूरजवळचे असे अवशेष १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा करून जगासमोर आणले. कोळसा खाणीतल्या पानांचे ठसे त्याहून फार जुने, पंचवीस कोटी वर्षांच्या पलीकडचे. भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका एकत्र होते तेव्हाचे. त्या एकत्र खंडाला जगभर गोंडवन म्हणतात. नाव आपल्या गोंड लोकांच्या मुलखावरून पडलं, हे चंद्रपूरच्या पोरांना अजून पुस्तकात ठळक सांगत नाहीत.

१५. अकोल्याकडे पाणी खारट. तिथे आधी समुद्र होता ना?

पूर्णेच्या खारपाणपट्ट्याबद्दलचा हा सगळ्यात लाडका समज. सातपुड्याच्या पायथ्याशी, गाविलगड भ्रंशाच्या (जमिनीतल्या मोठ्या, सरकलेल्या भेगेच्या) दक्षिणेला जमीन खचत गेली आणि त्या खोलगटात नदीने शेकडो मीटर गाळ भरला. निचरा वाईट. मधल्या कोरड्या काळांत पाणी उडून गेलं, क्षार गाळातच राहिले. एवढ्यासाठी समुद्राची गरज पडत नाही. या भ्रंशाने अलीकडच्या भूशास्त्रीय काळातही हालचाल केल्याच्या खुणा संशोधकांना मिळाल्या आहेत, म्हणून तो केवळ पाण्याचा नाही, भूकंपाचाही विषय आहे.

१६. लोणार ज्वालामुखीनं झालं का उल्केनं? वय प्रत्येक पुस्तकात वेगळं काहून?

उल्केनं. १९७० च्या दशकात तिथल्या खडकांत मास्केलिनाइट सापडलं, ही प्रचंड दाबाने काच झालेली खनिजं. ज्वालामुखीत तेवढा दाब येत नाही. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे.

वयाचं कारण घड्याळं वेगळी आहेत हे. एका पद्धतीने ५२ हजार वर्षं आलं आणि पाट्यांवर तेच रंगवलं गेलं. २०११ मध्ये वितळलेल्या खडकातल्या आर्गॉनवरून ५ लाख ७० हजार आलं. आघाताच्या क्षणी दगड वितळला तेव्हापासून चालू झालेलं घड्याळ हे दुसरं, म्हणून माझा विश्वास त्याच्यावर जास्त.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे सांगितलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे जगात महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. लोणासुराचं रक्त वगैरे गोष्ट म्हणून छान आहे, मीही नातवांना सांगतो.

लोणारचं जगात महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचा आणि विवरांनी भरलेला. बेसाल्टवर उल्का पडली की काय होतं, हे हातात दगड घेऊन पाहण्याच्या जागा पृथ्वीवर फार थोड्या, आणि त्यात लोणार सगळ्यात नीट टिकलेलं. मंगळावर २०१८ ते २०२२ काम केलेल्या इनसाइट यानाने तेराशेवर मंगळकंप नोंदले. २४ डिसेंबर २०२१ चा एक तर नवीन उल्का पडल्याने झाला होता आणि तिथे १५० मीटरचं विवर तयार झालेलं फोटोत दिसलं. आपल्या चांद्रयान-३ नेही चंद्राच्या दक्षिण भागात ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनं नोंदली.

१७. वावरात काळा, जड गोटा सापडला. उल्का आहे का? विकता येते का?

मला आलेल्या असल्या फोटोंतला प्रत्येक गोटा आजवर बेसाल्ट, लोखंडाचा मळ किंवा जुन्या नांगराचा तुकडा निघाला. भोकं असतील तर उल्का नाही. लोहचुंबक चिकटतं म्हणून हुरळू नका, काही बेसाल्टलाही किंचित चिकटतं. खऱ्या दगडी उल्केला अंड्याच्या कवचासारखी पातळ, जळकी साल असते आणि फुटलेल्या जागी आतून राखाडी दिसते.

पण नशीब उघडतंही. २२ मे २०१२च्या दुपारी काटोल परिसरात उल्कांचे तुकडे पडले. २०२१ मध्ये खरगपूर आयआयटीच्या संशोधकांच्या गटाने त्यातल्या एका तुकड्यात ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पृथ्वीत सगळ्यात जास्त असलेलं हे खनिज, पण ते ६६० किलोमीटरच्या खाली. वर कधी हाताला लागत नाही. अवकाशात दोन दगड आदळून तेवढा दाब तयार झाला आणि तो तुकडा संत्र्याच्या मुलखात येऊन पडला.

भारतात पडलेल्या उल्कांची राखण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्याचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. पाण्याने धुऊ नका, तेल-कुंकू लावू नका, कोरड्या कागदात गुंडाळा आणि जागेचा फोटो काढा.

१८. सिंदेवाहीला आकाशातून कडं पडलं ते काय होतं?

उल्का नव्हे, रॉकेटचा भंगार. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. विदर्भभर आकाशात आगीची रांग दिसली आणि लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. एका चिनी रॉकेटचा तो अवशेष मानला जातो. उल्का सहसा काही सेकंदांत सर्रकन जाते. रॉकेटचा कचरा सावकाश, तुकडे होत, रांगेने जातो. असं काही सापडलं तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

१९. इथिओपियाची राख भारतावर आली होती. कपाशीले काही झालं का? आणि पृथ्वीचा गाभा उलटा फिरते म्हणते, ते?

इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी २३ नोव्हेंबर २०२५ रोजी फुटला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची लेखी नोंद नव्हती. राख तांबडा समुद्र ओलांडून दोन दिवसांत भारतावर आली, विमानं रद्द झाली. पण ती होती कित्येक किलोमीटर उंच, आणि तशीच पुढे चीनकडे गेली. बोंडअळीचा दोष तिच्यावर टाकू नका.

गाभ्याचं असं: पृथ्वीच्या मध्यभागी लोखंडाचा घन गोळा द्रवात तरंगतो आणि तो पृष्ठभागापेक्षा किंचित पुढे-मागे होतो. २०२४च्या अभ्यासानुसार २०१० च्या सुमारापासून तो जरा मागे पडतो आहे. चालत्या रेल्वेत तुम्ही मागच्या डब्याकडे चाललात तर तुम्ही उलटे जाता का? तसंच. पाऊस, शेती, बाजारभाव यांच्याशी संबंध शून्य.

२०. धक्का जाणवला तर आम्ही नक्की काय लिहून ठेवावं?

वेळ, सेकंदासकट जमली तर उत्तम. मोबाइलचं घड्याळ पाहा, भिंतीवरचं नको. तुम्ही बसलेले होता की चालत होता. आवाज आधी की हादरा आधी, आणि आवाज कोणत्या दिशेने. काय हललं: टांगलेला दिवा, फडताळातली भांडी, की भिंत. ढोरं, कोंबड्या आधी बिथरल्या का, हेही लिहा. पण धक्क्यानंतर आठवून नव्हे, आधी दिसलं असेल तरच. विहिरीचं पाणी गढूळ झालं का, पातळी बदलली का. जुन्या तड्यावर पेन्सिलने तारीख घालून ठेवा, म्हणजे नवा तडा कोणता ते पुढच्या वेळी कळेल.

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या ॲपवर जाणवलेला धक्का कळवता येतो. तिथे फॉर्म भरा, आणि काही जाणवलं नसेल तरी आजूबाजूचे बोलत असतील तर "जाणवलं नाही" हेही भरा. माझ्याकडे पाठवायचं तर गावाचं नाव घाला. "सर, आत्ता हललं" एवढाच निरोप आठवड्याला चार तरी येतो, आणि कुठे हललं ते विचारेपर्यंत पाठवणारा झोपलेला असतो.